शंभराचं खोकं

अमरावतीत मे महिन्यात व्हिडिओ करायचा म्हटलं की पहिली अडचण कॅमेऱ्याची नसते, कूलरची असते. कूलर चालू ठेवला तर फोनमध्ये फक्त कूलर ऐकू येतो आणि बोलणारा माणूस धबधब्याच्या पलीकडून हाका मारत असल्यासारखा वाटतो. बंद केला तर आवाज स्वच्छ येतो, पण फार वेळ येत नाही. बाहेर ४५ अंश, पत्र्याच्या खोलीत किती ते कोणी मोजायला धजत नाही. त्यामुळे इकडचा दुरुस्तीचा व्हिडिओ पुण्याच्या व्हिडिओपेक्षा नेहमी आटोपशीर असतो. नमस्कार-चमत्कार नाहीत, प्रस्तावना नाही. कूलर बंद, फोन चालू, आणि लगेच पेचकस.

राजकमल चौकातून आत वळणाऱ्या एका गल्लीत दुकान असलेल्या भाऊंनी अशाच एका दुपारी नवा कोरा डिजिटल ऑसिलोस्कोप खोलायला घेतला. भाऊ इलेक्ट्रॉनिक्सचे डिप्लोमावाले. दुकानात इन्व्हर्टर, इंडक्शन शेगड्या, एलईडी टीव्ही आणि अलीकडे सौर पंपाचे कंट्रोलर येतात. ऑसिलोस्कोप ऑनलाइन मागवला होता. दिसायला लहान मुलाच्या पाटीएवढा, रंगीत पडदा, आत बॅटरी, आणि खोक्यावर ठसठशीत अक्षरांत १०० मेगाहर्ट्झ. वापरून पाहावा की खोलून पाहावा, हा प्रश्न भाऊंना पडला नाही.

फोन धरायला अकोल्याहून आलेला आतेभाऊ होता. घरात त्याला दादा म्हणतात. दादा जिनिंगमध्ये कापूस पारखतो. एका लग्नासाठी एसटीनं आला होता आणि आल्या आल्या रस्त्याचं कौतुक करत होता. ते रास्तच होतं. अमरावती-अकोल्याच्या दरम्यान २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्याआधी त्याच रस्त्यानं प्रवास केलेल्या माणसाला त्या ३३ मिनिटांचं विशेष वाटतं. तास मोजले ते ठीक, मिनिटंसुद्धा मोजली.

ऑसिलोस्कोप हा शब्द खरं तर वऱ्हाडात कोणी उच्चारत नाही. इथे तो सीआरओ असतो. त्यात कॅथोड राहिला नाही, किरण राहिला नाही, काचेची नळी तर कधीच गेली, पण पडद्यावर विजेची लाट दाखवणारी कोणतीही वस्तू सीआरओच. ती मूळ नळी फर्डिनांड ब्राऊन या जर्मन प्राध्यापकानं १८९७ मध्ये केली. १९०९ मध्ये त्याला मार्कोनीबरोबर नोबेल मिळालं, पण ते बिनतारी संदेशांसाठी. ज्या नळीमुळे पुढे दोन-तीन पिढ्यांचे डिप्लोमावाले तोंडी परीक्षेत घाम पुसत राहिले, तिच्याबद्दल मिळालं नाही.

तो घाम भाऊंनीही पुसलेला. बॅच वीस जणांची, सीआरओ चार, त्यातले चालू दोन, आणि त्या दोनांतला एक फक्त सरांनी हात लावायचा. उरलेल्याचा ट्रेस हरवलेला. ट्रेस हरवणं हा त्या काळातला मोठा सामूहिक अनुभव. पडदा काळाठिक्कर, प्रत्येक जण येऊन एकेक बटण फिरवून जातो, तेवढ्यानं जी काही आशा होती तीही संपते. शेवटी लॅब असिस्टंट येतो, कोणीतरी शून्यावर नेऊन ठेवलेलं ब्राइटनेसचं बटण वळवतो आणि काही न बोलता निघून जातो. मग सगळे जर्नलमध्ये साइन वेव्ह काढतात. ती पडद्यावर कशी दिसली याचा जर्नलशी संबंध नसे. आईची बांगडी ठेवून अर्धं वर्तुळ वर, अर्धं खाली, की झाली साइन वेव्ह. बांगडीच्या दोन गोलांनी साइन वेव्ह होत नाही, हे सरांनाही माहीत असायचं. पण सरांनीही बांगडीच वापरलेली.

स्वतःचा सीआरओ ही त्या वयात ट्रॅक्टर घेण्यासारखी गोष्ट होती. पहिल्यांदा ती आवाक्यात आली डीएसओ१३८ नावाच्या चिनी किटमुळे. पिशवीतून सुटे भाग येतात, आपणच डाग मारायचे. तळहातापेक्षा लहान पडदा, २०० किलोहर्ट्झपर्यंतची मजल, सेकंदाला दहा लाख नमुने. भाऊंनी ते एका संध्याकाळी जोडलं, रात्री जेवायच्या आत त्यावर लाट आली, आणि आनंदाच्या भरात त्यांनी ते घरातल्या सगळ्यांना दाखवलं. घरातल्यांनी ‘मंग यानं होते काय?’ असं विचारलं. त्या किटला ५० व्होल्टच्या वर द्यायचं नसतं, हे कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं. एका इंडक्शन शेगडीनं पुढे तो कागद भाऊंना नीट समजावून सांगितला.

तर आता हा नवा. मेगाहर्ट्झमध्ये शंभर. व्हिडिओच्या पहिल्याच मिनिटाला दादानं फोनच्या पडद्याकडे पाहून हरकत घेतली.

‘अबे, पंखा उलटा फिरून रायला.’

छताचा पंखा चालू राहिला होता. तो सुलटाच फिरत होता, फोनमध्ये मात्र संथपणे मागे मागे जात होता. भाऊंनी तिथेच संधी साधली. फोन सेकंदाला तीस चित्रं काढतो. दोन चित्रांच्या मधल्या वेळात पातं जवळजवळ दुसऱ्या पात्याच्या जागी आलं, पण पुरतं आलं नाही, तर डोळ्याला वाटतं ते मागे सरकलं. डिजिटल सीआरओ हेच करतो. लाट तो सलग पाहत नाही. थांबून थांबून फोटो काढतो आणि मधली रेघ स्वतःच ओढतो. फोटो कमी पडले की साफ खोटी लाट दाखवतो, आणि ती इतकी देखणी असते की माणूस तीच जर्नलमध्ये उतरवतो. शंभर मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दहा कोटी हेलकावे. तेवढे टिपायचे तर फोटो निदान दुपटीहून जास्त, खरं पाहता पाचपट तरी हवेत.

दादाला पटलं. ‘म्हंजे यष्टी फक्त मूर्तिजापूरले उघड्या डोळ्यानं पाह्यली, आन बाकी रस्ता झोपून आलो, तसं.’

स्क्रू सहा होते. चार रबरी पायांखाली आणि दोन ‘हे फाडल्यास वॉरंटी रद्द’ अशा अर्थाच्या स्टिकरखाली. स्टिकरपाशी भाऊंचा हात जरा अडखळला. दादानं मागून विचारलं, कोन येनार हाये तिकून पाह्याले? स्टिकर गेला. कडेच्या फटीत मुदत संपलेलं एटीएम कार्ड सरकवून गोल फिरवलं, तीन वेळा ‘टक’ झालं, चौथ्या वेळी ‘कट्’ झालं. तो आवाज वेगळा असतो आणि खोलणाऱ्याला तो कळतो. भाऊ कॅमेऱ्याकडे पाहून म्हणाले, ‘काही नाही झालं.’

आत दुतोंडी टेपनं चिकटवलेली बॅटरी, हिरवी पाटी, प्रोब लावायच्या दोन पितळी गळ्यांच्या मागे पत्र्याची डबी, आणि डबीच्या पुढे सगळ्या भानगडीचं मूळ असलेली चिप. येणाऱ्या व्होल्टेजचा आकडा करणारी. आठ बिटांची, म्हणजे पडद्याची उभी उंची २५६ पायऱ्यांत मोजणारी. कोणत्या कंपनीची आणि किती वेगाची, हे कळायला चिपच्या पाठीवरचा नंबर वाचायचा असतो. भाऊंनी भिंग लावलं, टॉर्च तिरपी धरली, बोट ओलं करून पुसून पाहिलं. पाठ गुळगुळीत होती. नंबर खरवडलेला.

इथे पहिल्यांदाच दादानं फोन खाली ठेवला आणि स्वतः वाकून पाहिलं. कापूस पारखणाऱ्याच्या चेहऱ्यावर अशा वेळी एक समाधान येतं. आपला संशय वाया गेला नाही, याचं.

वऱ्हाडाला वस्तू खोलून पाहायचं बाळकडू जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात इकडच्या कापसाला ‘ऊमरा’ म्हणत, म्हणजे उमरावतीचा. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि भावाबरोबर गाठींच्या पोटात पाणी, माती, सरकीही यायला लागली. गाठीला बाहेरून चांगला कापूस, आत काय ते फोडेपर्यंत देव जाणे. हे इतकं वाढलं की १८६३ मध्ये मुंबई सरकारला कापसातल्या लबाडीविरुद्ध स्वतंत्र कायदाच करावा लागला. व्हिडिओ तेव्हा नव्हते, पण गाठ चारचौघांत फोडून दाखवायची पद्धत होती, आणि तेव्हाही बघ्यांना आत चांगला माल निघाला तर थोडं वाईटच वाटत असणार.

पुढे फोडण्याची जागा मीटरनं घेतली आणि दुखणं वाढलं. कापसात ८ टक्के ओलावा असेल तर सरकारी खरेदीत पूर्ण हमीभाव, त्यावर वाढेल तशी कपात, १२ च्या पुढे गेला तर घेणं नाही. ढिगात मीटरची सुई खुपसतात आणि छोट्या पडद्यावर जो आकडा येतो त्यावर वर्षाचं गणित फिरतं. सुई खाली खुपसली तर एक आकडा, वर खुपसली तर दुसरा. त्यामुळे इकडचा माणूस कोणत्याही पडद्यावरचा आकडा पाहून आधी आकडा वाचत नाही, मीटर कोणाच्या हातात आहे ते पाहतो. दादाला मेगाहर्ट्झ कळत नव्हते, पण नंबर खरवडणाऱ्याची नियत त्याला पुरती कळली.

भाऊंनी मग त्याला सिडनीच्या डेव्ह जोन्सची हकिगत सांगितली. हा ऑस्ट्रेलियन इंजिनिअर २००९ पासून व्हिडिओंत यंत्रं उघडतो. चालू करू नका, आधी खोला, हे त्याचं ब्रीद. त्यानं रायगॉल कंपनीचा डीएस१०५२ई नावाचा स्वस्त स्कोप खोलला, तर आत आकडे करणाऱ्या पाच चिपा निघाल्या. प्रत्येकीची कंपनीनं सांगितलेली कुवत सेकंदाला चार कोटी नमुने, आणि रायगॉलवाले तिच्याकडून दहा कोटींचं काम काढत होते. चिपेत दोन भाग, म्हणजे पाच दुणे दहा, आणि दहा जणांनी पाळीपाळीनं फोटो काढून खोक्यावरचे शंभर कोटी पुरे केले. चार क्विंटलच्या बंडीत दहा क्विंटल पऱ्हाटी भरून बंडी न मोडता बाजारात नेल्यासारखं हे आहे. दादाला याबद्दल रायगॉलवाल्यांचा आदरच वाटला.

खरी गंमत पुढे २०१० मध्ये उघडकीला आली. ५० मेगाहर्ट्झचा हा स्कोप आणि त्याचा १०० मेगाहर्ट्झचा महाग भाऊ आतून एकच होते. फरक होता तो यंत्राच्या स्मरणात लिहिलेल्या मॉडेल नंबरचा. संगणकाला जोडून तो नंबर बदलला की पन्नासवाला शंभरवाला होत असे. (२०२२ नंतर महाराष्ट्रात पन्नास आणि खोके हे शब्द शेजारी शेजारी ठेवताना माणूस जरा जपतो, म्हणून एवढंच.)

दादा बराच वेळ गप्प राहिला. खोक्यावर जास्त आणि आत कमी, हे त्यानं जन्मभर पाहिलं होतं. खोक्यावर कमी आणि आत जास्त, हे त्याच्या हिशोबात कुठेच बसेना. ‘त्यायनं जास्त माल देल्ला आन सांगतलं नाई?’ मग त्यानं स्वतःच उलगडा केला. ‘कायचं सांगतीन? मंग महागवाला कोन घेईन?’

कूलर दहा मिनिटं चालवून पुन्हा बंद केला. झाकण न लावताच भाऊंनी यंत्र चालू केलं. आधी प्रोबची जुळणी. यंत्र स्वतःच एक हजार हर्ट्झची चौकोनी लाट देतं, ती प्रोबनं पाहायची आणि प्रोबच्या मुठीतला मोहरीएवढा स्क्रू प्लास्टिकच्या काडीनं फिरवायचा. कमी फिरवला तर चौकोनाचे खांदे पडतात, जास्त फिरवला तर खांद्यावर शिंगं उगवतात. बरोबर मध्ये आला की खांदे सरळ होतात. हे काम आईनं भांग पाडावा इतक्या हळू हातानं करायचं असतं, आणि स्वस्त यंत्राबरोबर मिळणाऱ्या काडीचं टोक नेमकं याच वेळी गोल होतं.

मग घरची वीज. ती सरळ प्रोबला देणं म्हणजे इंडक्शन शेगडीचा धडा पुन्हा गिरवणं. आपले २३० व्होल्ट शिखराला ३२५ असतात. म्हणून मधे जुन्या टेपरेकॉर्डरमधला १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर. पडद्यावर लाट आली आणि भाऊ अभिमानानं बाजूला सरले. दादानं पाहिलं. लाटेचं डोकं चपटं होतं. घराघरातले टीव्ही, चार्जर, एलईडी दिवे लाटेच्या फक्त टोकाला तोंड लावून वीज पितात, त्यामुळे टोक बसकं होतं, हे भाऊंनी समजावलं. बांगडीची साइन वेव्ह निदान गोल तरी होती, हे त्यांनाही जाणवलं असावं. खाली फ्रिक्वेन्सीचा आकडा होता ४९.९८. ग्रिडनं ४९.९० ते ५०.०५ च्या आत राहावं असा नियम आहे, आणि २०१३ च्या ३१ डिसेंबरला दक्षिणेची जाळी जोडली गेल्यापासून काश्मीर ते कन्याकुमारी एकच ठेका चालतो. अमरावती आणि अकोला यांचं कोणत्याही क्षणी एकमत असलेली ही बहुधा एकमेव गोष्ट. गर्मी कुठे जास्त, इथपासून बाकी सगळ्यावर वाद आहे, आणि गर्मीच्या बाबतीत अकोलेकर मागे हटायला तयार नसतो.

तेवढ्यात लाईन गेली.

पंखा कण्हत थांबायच्या बेतात आला आणि भिंतीवरच्या इन्व्हर्टरनं ‘खट्’ करून भार घेतला. पंखा पुन्हा फिरला, पण घूं घूं करत. आणि पडद्यावर, कोणी हातही न लावता, गोलाईची लाट जाऊन काटकोनी पायऱ्या आल्या: वर सपाट, मधे सपाट, खाली सपाट. पंधरा वर्षांचा चौकोनी लाटेचा इन्व्हर्टर. हजारो गिऱ्हाइकांना भाऊ तोंडी सांगून दमले होते की पंखा घुमतो तो पंख्याचा दोष नाही, आणि आज ते आयतं पडद्यावर उभं राहिलं. भाऊ फोनकडे वळून जे बोलले ते या व्हिडिओतलं सर्वांत उत्तम निवेदन ठरलं असतं. दादानं फोन मघाशीच खाली ठेवला होता. त्या अडीच मिनिटांत टेबलाचा सनमायका आणि आवाज तेवढा रेकॉर्ड झाला.

शेवटची परीक्षा शंभराची. शंभर मेगाहर्ट्झ पाडून देणारं यंत्र गल्लीत कोणाकडे नव्हतं. पण त्याला एक जुनी युक्ती आहे. ७४एसी१४ नावाची साधी चिप घ्यायची. ती वीज शून्यावरून वर नेते ती दोन-तीन नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या दोन-तीनपट वेळात. हा उभा कडा स्कोपवर पाहायचा. स्कोप जितका मठ्ठ, तितका कडा तिरपा दिसतो. दहा टक्क्यांवरून नव्वद टक्क्यांवर चढायला किती नॅनोसेकंद लागले ते वाचायचं, आणि ३५० ला त्यानं भागायचं. आलेलं उत्तर म्हणजे स्कोपचे खरे मेगाहर्ट्झ. शंभरवाल्याला साडेतीनच्या आसपास यायला हवेत.

आले बारा.

३५० भागिले १२. दादानं मोबाईलचा कॅल्क्युलेटर उघडायच्या आत तोंडी सांगितलं, ‘एकोनतीस.’ मग क्षणभर थांबून जिनिंगच्या सवयीनं पुढचं गणितही केलं: ‘रुपयाचे पावनेपाच आने.’

वास्तविक भाऊंना एकोणतीससुद्धा जास्तच होते. इंडक्शन शेगडी चालते २०-४० किलोहर्ट्झवर, चार्जरच्या आतली धडधड साधारण शंभर किलोहर्ट्झच्या आसपास, सौर पंपाच्या कंट्रोलरची काही किलोहर्ट्झ. एकोणतीस मेगाहर्ट्झ म्हणजे त्यांच्या गरजेच्या शेकडो पट. पडदा मोठा, बॅटरी असल्यामुळे अर्थिंगची कटकट नाही, रिले टिकटिक करत रेंज बदलतो, लाट थरथरत नाही. दुकानाला याहून बरी वस्तू त्या पैशात मिळणार नाही, असं भाऊंनी व्हिडिओत प्रामाणिकपणे सांगितलं. शंभर मेगाहर्ट्झ म्हणजे एफएम रेडिओचा पट्टा, तो पाहायचं गल्लीत कोणाचं काय अडलं आहे? पण शंभर कोणाला लागतात हा मुद्दाच नव्हता. लग्नात पत्रिकेवर पुरणपोळी छापली असेल तर मधुमेहवालासुद्धा पंगतीत तिची वाट पाहतो.

संध्याकाळी लाईन आली, कूलर लागला, गिला वडा आला. जिनिंगमध्येही मशीनचे कंट्रोलर बिघडतात आणि दादाच्या पोराला इलेक्ट्रॉनिक्सची गोडी आहे, असं बोलता बोलता निघालं. भाऊंना तसाही आता थोडा वरचा स्कोप घ्यायचा होता. त्यांनी घेतल्या भावात देतो म्हटलं. दादानं वड्यावरची मिरची बाजूला ठेवली.

‘शंभरचे पैशे शंभर दाखवशीन तवा. एकोनतीसचे देतो.’

‘दादा, घरचा मानूस हायेस म्हून घेतल्या भावात देऊन रायलो.’

‘म्हूनच एकोनतीसचे देऊन रायलो. बाहेरच्याले खोलेल माल म्हून कटती लावली असती.’

बॅटरीचे वेगळे धरा, पडद्याचे वेगळे धरा, प्रोब दोन आहेत, असं करत करत सौदा तासाभरानं निम्म्यावर आला. भाऊंनी पाच स्क्रू बसवले, ‘कट्’ झालेल्या कोपऱ्यावर चिकटपट्टी लावली, स्कोप टॉवेलात गुंडाळून दादाच्या पिशवीत घातला आणि वर खोकं ठेवायला गेले. दादानं पिशवीचं तोंड आवळून घेतलं.

‘खोकं राहू दे तुह्यापाशी,’ तो म्हणाला. ‘शंभर त्याच्यावरच तं लिवेल हायेत.’